मला न झालेला सिफिलिस

आधीच सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसून, शेजारच्याला दिसू नये म्हणून फोन छातीशी धरून वाचत असेल, तर त्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची माझी इच्छा नाही. त्या बाकावर मीही बसले आहे. तिथे बसून या विषयावरचं जे जे मिळालं ते वाचून काढलं. ‘मी आता बरी आहे’ हे पहिल्या ओळीत कुणीही लिहिलेलं नव्हतं, आणि त्याचा मला भयंकर राग आला होता.

राग मला लवकर येतो. तेही आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात रोगाचा वाटा कमी आणि माझ्या स्वभावाचा जास्त आहे.

माझं नाव इथे मेधा असं धरून चाला. वय त्रेचाळीस. मूळची पुण्याची, घटस्फोटित, चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुलीला घेऊन हैदराबादला आले. मुलगी रेवा, चौदा वर्षांची. मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. कुठलं बटण कधी दाबायचं, दाबल्यावर किती वेळ थांबायचं, असलं सगळं. हाताखालच्या कुणी ‘थोड्या वेळाने’ असं लिहिलं की मी विचारते, थोडा म्हणजे किती? सेकंद की मिनिटं? ऑफिसात मला त्यावरून चिडवतात. चिडवू देत, मोघम लिहिलेलं मला खपत नाही.

मंगळवारचा फोन

मुकुंद मला भेटला तो रेवामुळे. रेवा मराठी बोलते झकास, पण वाचायला बसली की एकेका जोडाक्षराशी मारामारी. काचीगुड्यात रविवारी सकाळी मुलांना मराठी वाचायला शिकवतात असं कळलं, म्हणून तिला घेऊन गेले. तिथे फळ्यावर ‘ज्ञ’ काढून दाखवणारा, जाड भिंगाच्या चष्म्याचा, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस म्हणजे मुकुंद. अफझलगंजला त्याचं पाण्याच्या मोटरींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. घराणं जुन्या निजामी मुलखातलं, नांदेडकडच्या शेतकऱ्यांचं, पण तीन पिढ्या याच शहरात गेलेल्या. बायको दहा वर्षांपूर्वी तापाने गेली. मूलबाळ नाही.

त्याचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. ‘हो’ला ‘हौ’, ‘सांग’ला ‘बोल’, आणि वाक्यात कुठेही उर्दू. माझ्या शाळेतल्या बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तो म्हणाला होता, “तुमचं मराठी इस्त्रीचं आहे, आमचं घरातलं.” वर्षभरात मला त्या घरातल्या मराठीची सवय झाली. मग त्या माणसाची. लग्न करायचं ठरलं. नोंदणी पद्धतीने, गाजावाजा न करता, सुट्टीत रेवाची परीक्षा झाली की.

त्या मंगळवारी दुपारी मी घरूनच काम करत होते. मुकुंद नांदेडला निघाला होता, चुलतभावाकडे. काचीगुडा स्टेशनवरून फोन आला. मागे गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

“मेधा, एक गोष्ट बोलायची राहिली. समोर बसून बोलायची हिंमतच होईना. परसों मला ते सिफिलिस निघालेलं. तीन सुया घेतल्या, आता कायबी नाही. पण डॉक्टर बोललेले, जिच्याशी लग्न कराल तिला बोला. म्हणून बोललो. तू बी एकदा रक्त बघून घे, दिलाला तसल्ली.”

एवढं बोलून तो थांबला. मी काही म्हणते का याची वाट बघत असावा. मग गाडी लागली म्हणाला आणि फोन बंद झाला.

परसों म्हणजे रविवार. रविवारी त्याने मुलांकडून ‘क्षमा’ आणि ‘शिक्षा’ लिहून घेतलं होतं. म्हणजे ते करताना त्याच्या खिशात तो रिपोर्ट होता. त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही एकत्र होतो. आणि असा रोग माणसाला दुकानात बसून होत नाही, कुणाकडून तरी होतो. कोण ती? कधी? माझ्याशी लग्न ठरल्यावर?

एका वाक्यातून मी हे सगळं पाच मिनिटांत काढलं. मोघम काहीच ठेवलं नाही. मग त्याला संदेश पाठवला, “पुन्हा फोन करू नकोस. रविवारी आम्ही येणार नाही.” आणि त्याचा नंबर बंद करून टाकला.

त्याने दुसऱ्या कुणाच्या फोनवरून प्रयत्न केला नाही. घरी आला नाही. नांदेडहून परतल्यावरही नाही. गुन्हेगार गप्प बसतो, असं मी स्वतःला बजावलं.

“माझ्या खोलीत रडायचं नाही”

हिमायतनगरमध्ये एका दुकानाच्या वर त्वचारोगाचा दवाखाना आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात केस आणि त्वचा, आणि खाली, बघायचं असेल त्यालाच दिसेल इतक्या बारीक अक्षरात, गुप्तरोग. त्याच संध्याकाळी तिथे गेले. वर जाताना जिन्यावर कुणी भेटलं तर केस गळतात म्हणून आले असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी भेटलं नाही.

डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या, तेलुगू, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तरं दिली. जोडीदाराला कधी निघाला? दोन दिवसांपूर्वी. तुमचा शेवटचा संबंध कधी? मी तारीख सांगितली. किती जण? एकच. हे ‘एकच’ म्हणताना माझा आवाज चढला. त्या नुसत्या लिहीत राहिल्या. तोंडावर आश्चर्य नाही, उपदेश नाही, कीव तर नाहीच. एखाद्याला पडसं कधीपासून आहे विचारावं तितक्या सरळपणे त्यांनी सगळं विचारलं, आणि मला त्यातच अर्धा धीर आला.

“त्यांना घेऊन या. निदान त्यांचे कागद आणा.”

“ते शक्य नाही.”

“मग मला धरून चालावं लागेल की लागण ताजी आहे. आज रक्त घेते, पण आज काही दिसलं नाही तरी त्यावर विसंबता येणार नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. आणि उपचार आजच चालू करू.”

ताज्या लागणीला पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं, पण लहानपणी त्याने माझं अंग सुजलेलं. त्यामुळे गोळ्या. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर आडवं व्हायचं नाही. उन्हापासून जपायचं. हे शेवटचं मी ऐकलं आणि विसरले.

तेवढ्यात मला रडू फुटलं. डॉक्टरबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “अम्मा, हा बरा होणारा रोग आहे. पूर्ण बरा होणारा. माझ्या खोलीत याच्यासाठी रडायचं नाही. ज्यावर माझ्याकडे औषध नाही त्यासाठी रडा, मीही बसते तुमच्याबरोबर.”

शेजारच्या खोलीत रक्त घ्यायला होत्या शाहीन आपा. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, दंडाला पट्टा बांधता बांधता अखंड बोलणाऱ्या. सुई कधी शिरली ते कळलं नाही. मी वेगळी चाचणी, वेगळी नळी, नावाऐवजी नंबर चालेल का वगैरे विचारत राहिले. त्या म्हणाल्या, “नंबर डालती मैं. टेन्शन नक्को लेव.”

पहिला रिपोर्ट दोन दिवसांत आला. सगळं निरंक. एरवी मी पेढे आणले असते. पण विसंबायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तो कागद मी ड्रॉवरमध्ये पालथा घालून ठेवला.

दोन टॉवेल

गोळ्यांनी पोटात आग पडायची. ते एक वेळ परवडलं. डोक्यातली आग जास्त होती. टॉवेलने हा रोग पसरत नाही, भांड्यांनी नाही, एका सोफ्यावर बसून नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी चार ठिकाणी वाचलंही होतं. तरी घरी येऊन माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. साबण वेगळा केला. स्टीलचा एक पेला माझा म्हणून बाजूला काढला आणि तो मीच घासू लागले. शहाण्या बाईने काय काय करावं याला मर्यादा असते, ती मी त्या आठवड्यात ओलांडली.

रेवाची आणि माझी एक सवय आहे. शाळेतून आली की ती अर्धा ग्लास ताक पिते आणि अर्धं मला देते. मी आठवडाभर ते नाकारत होते. पोट बरं नाही, आत्ताच चहा घेतला, असलं काहीतरी.

एका संध्याकाळी ती ग्लास घेऊन माझ्यासमोर उभीच राहिली.

“आई, माझ्या पिंपल्समुळे का?”

“काय?”

“तू माझं उष्टं घेत नाहीयेस. टॉवेल पण अलग केलास. मला आरशात दिसतं ना किती गंदं दिसतंय ते. सीधा बोल ना.”

मी माझ्यापासून तिला वाचवत होते आणि ती समजत होती की मी तिच्यापासून दूर पळतेय. मी तिला जवळ घेतलं. खूप दिवसांनी घेतलं होतं. म्हटलं, “तुझं काही नाही गं. मला एक इन्फेक्शन असू शकतं. बहुतेक नाहीये, पण तपासणी चालू आहे. गोळ्या चालू आहेत. तुला त्याचा काही धोका नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मग टॉवेल?”

“टॉवेल माझा मूर्खपणा आहे.”

चौदा वर्षांच्या मुलींना जे कळू नये असं आपल्याला वाटतं ते सगळं त्यांना कळत असतं.

“मुकुंदकाकांमुळे? म्हणून आपण क्लासला जात नाही?”

“हो.”

“मग त्यांना विचार ना.”

“त्यांच्याशी मला बोलायचं नाही.”

“मग कळणार कसं?” ती म्हणाली, आणि ग्लास माझ्या हातात देऊन खोलीत गेली. मी ताक प्यायले. टॉवेल जागेवर नेऊन टांगला.

मुलीचं मी त्या दिवशी ऐकायला हवं होतं. तिला मुकुंदचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं असतं तरी पुरे होतं. चार वर्षं इथल्या मुलांबरोबर खेळून ती इथली बोली पाणी प्यावं तशी बोलते. घरात दुभाषी बसली होती, आणि मी तिला प्रश्नच विचारला नाही.

हातावरचं पुरळ

बाराव्या दिवशी दोन्ही हातांवर पुरळ उठलं. लाल, जळजळणारं, बोटांपासून मनगटापर्यंत. या रोगाचं दुसरं पाऊल म्हणजे पुरळ, हे मी वाचून ठेवलेलं. मीटिंग अर्ध्यावर सोडून स्कूटर काढली आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टरबाई दुपारच्या जेवणाला गेल्या होत्या. शाहीन आपा एकट्या डबा खात होत्या. मी त्यांच्या डब्यासमोर दोन्ही हात पसरले.

त्यांनी हात उलटेपालटे करून बघितले. “हथेली तो साफ है, वो बीमारी हथेली पे बी आती. ये हाथ के पीछे इच है. गाडी चलाते क्या धूप में?”

“हो.”

“हाथमोजे?”

“नाही.”

“डॉक्टर साब बोले थे ना धूप से बचने कू? ये गोली में धूप नक्को बोलके. सुने नै तुम.” आणि डब्यातली खोबऱ्याची चटणी पुढे करत म्हणाल्या, “खाव. चेहरा देखो कैसा हो गया.”

मी तिथल्या तिथे हसायला लागले. उन्हाने भाजलेले हात पुढे करून मी मरायला निघाले होते. चटणी खाल्ली. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मलम दिलं आणि दोनच शब्द बोलल्या, “ग्लोव्हज घ्या.” त्या महिन्याभरातला माझ्या लक्षात राहिलेला हा सगळ्यात चांगला दिवस.

बाकीचे दिवस तितके चांगले नव्हते. गोळ्या संपल्या, वाट बघणं उरलं. काम करत होते, स्वयंपाक करत होते, पुण्याला आईशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. आणि मध्येच कुठेतरी, भाजी निवडताना वगैरे, मुकुंदची आठवण यायची आणि पाठोपाठ राग यायचा. खरं सांगायचं तर राग येईनासा झाला की मला जास्त भीती वाटायची. कारण राग ओसरला की खाली नुसतं दुःख असायचं. हा माणूस मला आवडला होता. मनापासून.

कौनसे परसों

सहा आठवडे झाल्यावर दुसऱ्या तपासणीला गेले. शाहीन आपा माझ्या दंडाला पट्टा बांधून नवीन फॉर्म भरत होत्या. आता आमची चांगली ओळख झालेली.

“उनका इलाज हुआ, मालूम आपकू?”

“हो, त्याने सांगितलं होतं. तीन सुया घेतल्या म्हणाला.”

त्यांचं पेन थांबलं. “तीन? कब?”

“मी इथे आले त्याच्या आधीच.”

“आप तो बोले, दो दिन पैले निकला.”

“हो.”

“अम्मा, तीन सुइयां तीन हफ्ते में होते. हफ्ते में एक. दो दिन में तीन कैसे लिये उनो?”

सहा आठवडे हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. दुसऱ्यांच्या लिखाणात मिनिटं आणि सेकंद शोधणारी मी. आणि ‘तीन’ हा आकडा मी एकदाही मोजला नव्हता.

“उनो क्या बोले थे, वैसाच बोलो. एकदम वैसाच.”

मी त्याच्यासारखंच म्हणून दाखवलं, “परसों मला सिफिलिस निघालेलं.”

“परसों?” शाहीन आपांनी पेन खाली ठेवलं. “हमारे परसों कि तुम्हारे परसों?”

“म्हणजे?”

“आप कां के? पूना के ना? और उनो?”

“इथलेच. काचीगुडा.”

त्या अशा काही हसल्या की बाहेरच्या बाकावरचा माणूस दारातून डोकावला. डोळे पुसून म्हणाल्या, “हमारे पास परसों बोले तो गुजरा हुआ कोई बी दिन. महिना, साल, कुछ बी. मेरी शादी परसों इच हुई. बेटा इंजीनियरिंग में है.”

माझ्या दंडाला पट्टा बांधलेला होता. मी तशीच उठले. त्यांनी धरून खाली बसवलं, “खून तो देके जाव.”

डॉक्टरबाईंना मी ‘दोन दिवसांपूर्वी’ असं इंग्रजीत सांगितलं होतं. त्याचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझं भाषांतर पोचलं होतं. ज्या रोगाची माझ्या आसपास सावलीही नव्हती त्याच्या गोळ्या चौदा दिवस खाल्ल्या त्या याच्यामुळे.

जिन्यावरून

दवाखान्याच्या जिन्यातच त्याचा नंबर चालू केला आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

“बोला.”

“मुकुंद, तुला ते कधी झालं होतं?”

“सात वर्षं झाली. ही गेल्यावर मी जरा भटकलो होतो. बोललो ना तुम्हाला त्या दिवशी.”

तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता.

“तू परसों म्हणालास.”

“हौ. परसोंच तर.”

मी सगळं सांगितलं. रविवार, खिशातला रिपोर्ट, गोळ्या. मला वाटलं होतं तो हसेल. शाहीन आपा हसल्या होत्या, मलाही हसू येत होतं. तो हसला नाही.

“म्हणजे तुम्ही समजलात की लग्न ठरल्यावर मी कुठे जाऊन आलो?”

“हो.”

“मला वाटलेलं, तुम्हाला माझी किळस आली. मग म्हटलं ठीक आहे. आपल्या हातचं होतं तेवढं खरं बोललो, पुढे तुमची मर्जी. म्हणून आलो नाही.” थोडं थांबून म्हणाला, “किळस बरी होती यापेक्षा. गिऱ्हाईक आहे, ठेवतो.”

दोन दिवसांनी माझा रिपोर्ट आला. निरंक. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता सुटलात, पुन्हा यायचं कारण नाही. इतके दिवस या वाक्याची वाट बघितली होती. जिना उतरताना पाय हलके झाले होते, खोटं कशाला बोलू. पण रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की हे ज्याला सांगायचं तो त्या दिवसापासून माझा फोन घेत नाहीये.

अफझलगंजला त्याच्या दुकानात गेले. मी तिथे कधीच गेले नव्हते. लोखंडाचा आणि ग्रीसचा वास, छताला टांगलेले पंख्यासारखे भाग, आणि काउंटरमागे तो, सहा आठवड्यांत वाळलेला. मला बघून उठला आणि स्टूल पुढे केलं. हैदराबादी माणूस भांडतानाही बसायला देतो.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “शब्दाचं चुकलं ते सोड. मी तुला दोषी धरून चालले ते चुकलं.”

तो हातातला बोल्ट फडक्याने पुसत राहिला. “एक बोला. विचारलं का नाही?”

याचं खरं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. म्हटलं, “आधीच्या लग्नात अकरा वर्षं विचारत होते. कुठे होतास, कुणाबरोबर होतास. दर वेळी छान खोटं उत्तर मिळायचं, आणि मी ते खरं मानायचे. नंतर मला प्रश्न विचारायचीच भीती बसली. विचारलं की खोटं ऐकावं लागतं, असं झालं.”

“मग मी काय त्यांचा भाऊ आहे?” तो चिडून म्हणाला. चिडला म्हणून मला इतकं बरं वाटलं. मग फडकं बाजूला टाकून म्हणाला, “चल. मी बी रक्त देतो. तुझ्यासमोर देतो.”

मी नको म्हटलं. तो ऐकेना.

त्याचा कागद

जाता जाता एवढंच, ज्यांना यातून जावं लागतंय त्यांच्यासाठी. जा आणि तपासून घ्या. लाज जिन्यातच वाटते, आत गेल्यावर कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. टॉवेल वेगळे करू नका. आणि समोरच्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा, आपली अक्कल घालून नाही.

मुकुंदचा रिपोर्ट शनिवारी मिळाला. आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. पाकीट मी उघडलं. दुसऱ्याच ओळीत ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’. मी शहाणी होऊन बसले होते तरी माझ्या काळजात चर्र झालंच. त्याने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

डॉक्टरबाईंनी आत बोलावून समजावलं. एकदा हा रोग होऊन गेला की ही एक चाचणी जन्मभर अशीच येते, औषध घेऊनही. दुसरी चाचणी शांत आहे, म्हणजे रोग गेलेला आहे. लग्नाला कसलीच अडचण नाही. मी विचारलं, “यावरून कधी झाला होता ते कळतं?”

“कागदाला तारीख कळत नाही, अम्मा. ती माणसाला विचारायची.”

बाहेर आलो. मुकुंदने पिशवीतून एक जुनी प्लॅस्टिकची फाईल काढली. सरकारी दवाखान्याचा कागद, तीन सुयांच्या तीन नोंदी असलेला. सात वर्षं त्याने जपून ठेवला होता.

“बघून घे,” म्हणाला. “तारखा आहेत.”

बायको गेलेली, त्यात हा रोग, आणि दर आठवड्याला एकट्याने रांगेत उभं राहून घेतलेली सुई. मग इतक्या वर्षांनी एका बाईला धीर करून सांगितलं, आणि तिने तोंडावर दार लावलं. सहा आठवडे मी माझ्या रक्ताची काळजी करत होते. या माणसाचं काय चाललं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी फाईल न उघडता त्याच्या पिशवीत परत ठेवली. पिशवी खाली ठेवली आणि त्याचा हात हातात घेतला. बाकावर अजून दोन माणसं होती, असू देत.

“तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं रे?” मी विचारलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. मग चष्मा काढून पुसायला लागला, आणि हळूहळू, त्याच्या त्या घरातल्या मराठीत, पहिल्यापासून सांगू लागला. मी मध्ये एकही शब्द दुरुस्त केला नाही.